पन्नाशीनंतर पुन्हा धावताना

आपण डॉक्टर मंडळी रुग्णांना व्यायामाचा उपदेश मुक्तहस्ते करतो. स्वतःसाठी मात्र तशी चिठ्ठी लिहिण्याचे सोयीस्करपणे विसरतो. माझ्या विस्मरणाचा अंत २०२२ च्या पावसाळ्यातील एका रात्री झाला. प्रसूतिकक्षातून तातडीचे बोलावणे आले होते आणि लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून मी पोहोचलो, तेव्हा बाळ रडलेले नव्हते. सिस्टरने पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने श्वास देण्यास प्रारंभ केला होता. मी बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि मला ऐकू आले ते माझ्याच हृदयाचे ठोके! नाळेवर बोट ठेवून उभी असलेली दुसरी सिस्टर म्हणाली, "सर, सौ से ऊपर है." थोड्या वेळाने बाळ रडले. त्याचे काही बिघडले नाही, याचे श्रेय त्या दोघींचे. माझ्या वाट्याला उरली ती केवळ धाप आणि लाज.

महाविद्यालयीन जीवनात मी रोज धावत असे. त्यानंतर एम.डी., व्यवसाय, संसार आणि रात्रीची बोलावणी यांत पंचवीसहून अधिक वर्षे गेली. गेलेली क्षमता या वयात परत मिळते काय, हा माझ्यापुढील पहिला प्रश्न होता.

शरीरशास्त्र काय सांगते?

या प्रश्नाचे बोलके उत्तर अमेरिकेतील डॅलस येथील अभ्यासात सापडते. १९६६ मध्ये विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले व त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजण्यात आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वार्धक्याने झालेली घट ही त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने झालेल्या घटीपेक्षा कमीच आढळली! पुढे सहा महिन्यांच्या क्रमशः वाढविलेल्या व्यायामाने, वयोमानाने घटलेली ती क्षमता त्यांनी पन्नाशीत भरून काढली. अभ्यासातील व्यक्ती पाचच होत्या, हे खरे. तरीही आपल्या वयाच्या वाचकास धीर देण्यास एवढे पुरे आहे.

मात्र येथे एक मेख आहे. हृदय, रक्ताभिसरण व स्नायू काही आठवड्यांत सुधारू लागतात. स्नायुबंध व अस्थी यांना महिने लागतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात दम टिकू लागतो, उत्साह वाढतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी किंवा टाच दुखावते. मीही हीच चूक केली व टाचेच्या दुखण्याने तीन आठवडे घरी बसलो.

आरंभ कसा करावा?

प्रथम स्वतःची तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, रक्तशर्करा, ईसीजी आणि आवश्यक वाटल्यास ताणचाचणी. आपला निर्णय आपणच न घेता फिजिशियन मित्राच्या स्वाधीन करावा. पहिले चार आठवडे केवळ अर्धा तास भरभर चालावे. त्यानंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे आठ-दहा वेळा, आठवड्यातून तीनच दिवस करावे. धावण्याचा काळ हळूहळू वाढवावा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, इतपतच वेग ठेवावा. वाक्य तुटू लागले की चालावे. छातीत दडपण, भोवळ किंवा धडधड जाणवल्यास तत्क्षणी थांबावे.

बाहेरच का?

टाच बरी झाल्यावर मी सुरक्षित उपाय म्हणून ट्रेडमिल विकत घेतली. दोन महिन्यांत तिच्यावर टॉवेल वाळू लागले. यंत्रावरून उतरण्यास एक बटण पुरते; घरापासून दोन किलोमीटर गेलेल्या माणसाला परत यावेच लागते! शिवाय शिवाजी नगरातील जुन्या सरकारी क्वार्टर्समधील रस्त्यांवर जी सावली आहे, ती कोणत्या यंत्रात मिळणार? कडुनिंब, पिंपळ, जांभूळ यांच्या छायेमुळे एप्रिल-मेमध्येही सूर्योदयापूर्वी येथे धावणे सुसह्य होते.

ही सावली आपण गृहीत धरली होती. २०२४ मध्ये शिवाजी नगर व तुळशी नगर येथे मंत्री, आमदार आदींसाठी नव्या निवासस्थानांचा प्रस्ताव पुढे आला आणि सुमारे २९ हजार झाडे तुटण्याची भीती निर्माण झाली. नागरिक रस्त्यावर उतरले, भगिनींनी झाडांना मिठ्या मारल्या, आणि जूनमध्ये शासनाने तो प्रस्ताव मागे ठेवल्याचे जाहीर केले. त्या दिवसांत मी रोजच्या मार्गावरील झाडे प्रथमच मोजली. सहा नंबरपर्यंतच्या माझ्या एका फेरीत मला एकशे चौदा भेटली. त्यानंतर सकाळी आळस आला, की ती एकशे चौदा नावे नसलेली मंडळी वाट पाहत असल्यासारखे वाटते.

हवेचे भान

विश्रांतीत आपण मिनिटाला सुमारे सहा लिटर हवा आत घेतो. धावताना हे प्रमाण दहापटींहून अधिक होते. भोपाळकरांस हे सूत्र निराळे शिकविण्याची आवश्यकता नाही. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री जे जिवाच्या आकांताने धावले, त्यांच्या फुप्फुसांत विषारी वायू अधिक गेला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर कित्येक महिने या शहरात कोणी धावताना दिसले, की काळजात धस्स होई. म्हणूनच हवा पाहून धावावे. हिवाळ्यात पहाटे वरच्या उबदार हवेच्या थराखाली धूर साचून राहतो. ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. रहदारीचा हमरस्ता टाळून आतील रस्ता धरावा. भटके कुत्रे अंगावर आल्यास पळू नये, थांबून शांतपणे चालावे. दंश वा ओरखडा झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लसीकरण घ्यावे. हे आपण रुग्णांना सांगतोच.

मुलांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम हवा; ५ ते १७ वर्षांच्या मुलांना मात्र रोज सरासरी तासभर. घराबाहेर अधिक वेळ घालविणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचा आरंभ कमी होतो, असेही अभ्यासांतून दिसून आले आहे. पूर्वी मी हे पालकांना कागदावर लिहून देत असे. आता इतकेच म्हणतो, "रविवारी सकाळी मी येथे असतो, मुलाला घेऊन या." दोन कुटुंबे नियमित येतात. त्यांतील एक अकरा वर्षांचा मुलगा मला दर वेळी मागे टाकतो आणि वळणावर माझ्यासाठी थांबतो.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा एकदा मध्यरात्री बोलावणे आले. या खेपेस लिफ्ट चालू होती. तरीही मी जिन्याने गेलो. स्टेथोस्कोप लावला, आणि ऐकू आले ते बाळाचेच ठोके. दुरुस्त, स्पष्ट, मिनिटाला एकशे चाळीस.

मित्रहो, बूट दाराशी काढून ठेवा. उद्याच्या सकाळसाठी आज रात्री एवढे केले तरी आरंभ झालाच.