चंक्रमण : शब्द आणि साधना

मागील घटकात आपण कान्हेरीच्या शिलालेखांतील 'लेण' आणि 'पोढी' हे शब्द पाहिले. त्याच बौद्ध जीवनपद्धतीतील आणखी एक शब्द येथे अभ्यासावयाचा आहे : पालीतील 'चंकम', संस्कृतातील 'चंक्रम' किंवा 'चंक्रमण'. त्याचा अर्थ पुष्कळदा 'निसर्गात फिरणे' असा सांगितला जातो. तो अपुरा का, हे पाहू.

'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. या धातूचे द्वित्व होऊन 'चंक्रम्' हे यङन्त रूप सिद्ध होते. 'यङ्' प्रत्यय सामान्यतः क्रियेची पुनरावृत्ती किंवा आधिक्य दाखवितो. मात्र गतिवाचक धातूंना तो लागल्यास वाकडे चालण्याचाच अर्थ होतो, असे पाणिनीचे सूत्र आहे (अष्टाध्यायी ३.१.२३). बौद्ध वाङ्मयातील चंकम तर सरळ रेषेतला! आखलेल्या वाटेच्या टोकापर्यंत जावयाचे, वळावयाचे, परत यावयाचे. येथे पुनरावृत्ती उरली, वाकडेपणा गेला. शब्दाचा वापर व्याकरणाला न विचारता कसा पुढे जातो, याचे हे माझे आवडते उदाहरण आहे.

भिक्षूंचा निवास अरण्यात, वृक्षातळी असे. तरी चंकमाची वाट मुद्दाम तयार केलेली असे. खडबडीत वाट सपाट करावी, ती उंच चौथऱ्यावर घ्यावी, कोणी पडू नये म्हणून कठडा बांधावा, ऊनपावसासाठी वर छप्पर घालावे, अशा अनुमती विनयपिटकातील चुल्लवग्गात आहेत. कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी भिक्षू बल याने सारनाथला बोधिसत्त्वाची मूर्ती स्थापिली. तेथील लेखात ती जागा भगवंतांचा 'चंकम' म्हणून नोंदली आहे.

अंगुत्तरनिकायात चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास झेपतो, साधनेचे परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पचनाचा लाभ आपली शतपावलीही देते. समाधीचे आश्वासन तिने कधी दिलेले नाही. 'येरझारा' या शब्दात पुनरावृत्ती आहे, पण सोबत अस्वस्थताही आहे. 'फेरफटका' तर मौजेचा. म्हणून हा पारिभाषिक शब्द मूळ रूपातच ठेवणे मला योग्य वाटते.

अतिरेकाची नोंदही परंपरेने ठेवली आहे. सोण नावाच्या भिक्षूने इतके चंक्रमण केले की वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला : तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. पुढे पादत्राणांची अनुमती याच प्रसंगातून आली.

एका संपर्क सत्रात नेरूळच्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, रात्रपाळी संपवून मी स्थानकापासून घरापर्यंत चालत जाते. पावलांकडे लक्ष ठेवले, तर ते चंक्रमण होईल का?" प्रश्न मार्मिक होता. सतिपट्ठानसुत्तात जाण्यायेण्यातील प्रत्येक हालचाल सजगतेचा विषय मानली आहे. त्या अर्थी तिचे चालणे साधनाच ठरते. परंतु तिला घरी पोहोचावयाचे असते. चंकमात पोहोचावयाचे ठिकाण नसते, असतात ती वळण्याची दोन टोके. म्हणून मी तिला 'साधना होय, चंक्रमण नव्हे' असे उत्तर दिले. ती म्हणाली, "मग सुट्टीच्या दिवशी गच्चीवर करीन."

स्वाध्याय
१. 'येरझारा', 'शतपावली' आणि 'चंक्रमण' यांतील अर्थच्छटांचा भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. घराजवळ झाडांखाली किंवा खाडीकाठी वीस पावलांची सपाट वाट निवडा. तिच्यावर दहा मिनिटे चाला आणि 'फिरणे' हे क्रियापद न वापरता तो अनुभव दहा ओळींत लिहा.