कारंज्याचे पाणी वर कसे चढते?

पाण्याचा धर्म खाली वाहण्याचा. मग कारंज्यात ते वर का उसळते?

पुण्याच्या शनिवारवाड्यातील हजारी कारंजे सवाई माधवराव पेशव्यांच्या काळातील होय. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराच्या या कारंज्याला बारीक तोंडे आहेत ती सुमारे दोनशे. ‘हजारी’ हे केवळ गौरवाचे नाव. ते उडे त्या काळी पुण्यात वाफेचा वा विजेचा पंप नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी इ. स. १७४९ च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणविले. कात्रज शहराहून उंच असल्यामुळे ते पाणी बांधीव भुयारी नळातून केवळ उताराने येई.

उंचावरील पाण्याचा भार खालच्या पाण्यावर पडतो व तेथे दाब उत्पन्न होतो. हा दाब पाण्याच्या राशीवर नव्हे, तर तिच्या उंचीवर अवलंबून असतो. बंद नळीच्या खालच्या टोकाला वर तोंड करून छिद्र ठेवले, की त्या दाबाने पाणी उसळते. पाणी ५ मीटर उंचीवर असेल, तर ते छिद्रातून सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने निघते. टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने हा नियम १६४४ मध्ये प्रसिद्ध केला. इतक्या वेगाने निघालेले पाणी फार तर ५ मीटरच चढेल, म्हणजे मूळ पातळीपर्यंत. प्रत्यक्षात नळीतील घर्षण व हवेचा विरोध यांमुळे ते त्याहून खालीच थांबते.

तोंड बारीक केल्याने नवी शक्ती निर्माण होत नाही. मात्र नळीतील प्रवाह मंद होतो, घर्षणात दाब कमी खर्ची पडतो आणि धार उंच जाते. उलट तोंडे वाढविली की प्रत्येक धार खुजी होते. ४ मिलिमीटर व्यासाची २०० तोंडे एकत्र केली, तर सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचे एकच भोक होईल! २ मीटर उंचीच्या दाबाखाली त्यांतून सेकंदाला सुमारे १५ लिटर, म्हणजे तासाला ५० हजारांहून अधिक लिटर पाणी निघून जाईल.

तेव्हा कारंज्याला उंची हवी, तसा साठाही हवा. आजच्या कारंज्यात तेच पाणी पंपाने पुन्हा पुन्हा वर चढविले जाते. त्यामुळे पाणी वाचते, पण उंचीची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. निसर्ग ती कोणालाच माफ करीत नाही.

रबरी नळीच्या एका टोकाला नरसाळे व दुसऱ्याला बारीक तोंडाची नळी बसवावी. नरसाळ्यात पाणी ओतून ते वर-खाली करावे, म्हणजे हा नियम विद्यार्थ्यांना स्वतः पडताळता येईल.