विजेच्या कामासाठी पक्कड कशी निवडावी?



'विद्युत परिपथ' शिकवताना मी मुलांना घरून जुनी वायर आणायला सांगितलं होतं. एका मुलाने वायरीसोबत पक्कडही आणली. तिच्या एका मुठीचं लाल प्लास्टिक फाटलं होतं, आतलं लोखंड दिसत होतं. मी विचारलं, "ही कशाला आणलीस रे?" तो म्हणाला, "पप्पांची आहे मॅडम. लाल मूठ आहे ना, शॉक नाय लागत. पप्पा चालू लाईनवर काम करतात."

मी पक्कड काढून घेतली, पण त्याचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण हा समज फक्त त्याचा नाही, आपल्यापैकी कित्येकांचा आहे. म्हणून हा पाठ मुलांआधी आपल्यासाठी.

1. रंगीत मूठ म्हणजे सुरक्षा नव्हे

बऱ्याच साध्या पक्कडींचं प्लास्टिक हात घसरू नये आणि पकड आरामदायी वाटावी म्हणून असतं. विजेपासून संरक्षण देणारी पक्कड वेगळी असते. तिच्यावर 1000 V असं लिहिलेलं असतं आणि एकावर एक आलेल्या दोन त्रिकोणांचं चिन्ह असतं. आयईसी 60900 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनलेल्या अशा हत्याराची 10,000 व्होल्टला चाचणी घेतलेली असते. मुठीच्या पुढच्या टोकाला उंचवटा असतो, त्यामुळे बोटं घसरून धातूला लागत नाहीत.

आपल्या घरात वीज 230 व्होल्टची असते. म्हणजे 1000 व्होल्टची पक्कड घेतली की चालू लाईनवर हात घालायला मोकळे? अजिबात नाही. ती चुकून काही घडलं तर वाचवण्यासाठी आहे. आणि मुठीला चीर पडली, भोक पडलं की तिचा भरवसा संपला. वरून चिकटपट्टी गुंडाळून तो परत येत नाही.

2. कामाप्रमाणे पक्कड

• साधी पक्कड (कॉम्बिनेशन प्लायर) : वायर धरणे, पिळणे, तोडणे. घरात एकच घ्यायची तर ही. 8 इंची (200 मि.मी.) मोठ्या हाताला बरी, लहान हाताला 6 इंची.
• नोज प्लायर : लांब निमुळत्या तोंडाची. स्विचबोर्डाच्या अडचणीच्या जागेत वायरीचं टोक वळवायला.
• साइड कटर : वायर जागेवर बरोबर तोडायला.
• वायर स्ट्रिपर : वायरीचं वरचं प्लास्टिक छिलायला.

शेवटचं हत्यार आपण टाळतो. मीही टाळलं होतं. इस्त्रीचा प्लग बदलताना पक्कडीच्या कटरनेच वायर छिलली. आतल्या सात-आठ बारीक तारा तुटल्या. म्हटलं, चालतंय! महिन्याभरात प्लग गरम होऊन काळा पडला. 1000 वॅटची इस्त्री साधारण 4.3 अँपिअर प्रवाह घेते. तारा कमी झाल्या की तेवढाच प्रवाह कमी जागेतून जातो. त्यात जोड सैल असला की तिथे उष्णता वाढते आणि आग लागू शकते.

3. दुकानात काय पाहाल?

• पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कटरच्या दोन धारांमधून उजेड दिसला तर ठेवून द्या.
• उघडझाप करा. खूप घट्ट नको, आणि जबडे आडवे हलायलाही नकोत.
• तांब्याच्या वायरीची एक बारीक तार तोडून पाहा. ती तुटायला हवी, चेपायला नको.
• मूठ पिळून पाहा. ती दांड्यावर फिरली किंवा सरकली तर घेऊ नका.

घरी आणल्यावर तिने खिळे ठोकू नका, नट फिरवू नका. धार आणि जोड दोन्ही जातात.

4. पक्कड हातात घेण्याआधी

मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन बंद असला तरी त्याच्या लाईनमध्ये वीज असू शकते. टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून तो पेटतो ना, हे पाहा. मगच कामाच्या वायरीला लावा. शंका आली तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

5. वर्गात घ्यायची कृती

पक्कड म्हणजे खिळीवर जोडलेल्या दोन तरफा. मधली खीळ हा टेकू, मूठ दाबतो ते बल, जबड्यातली वस्तू हा भार. मुलांना जाड पुठ्ठ्याची पट्टी आधी जबड्याच्या टोकात धरून दाबायला सांगा, मग खिळीजवळ. कुठे जास्त चेपली? कटर खिळीजवळच का असतो, हे मुलं स्वतःच सांगतात. परिपथाचे प्रयोग मात्र 1.5 व्होल्टच्या सेलवरच. घरातल्या विजेवर मुलांनी पक्कड चालवायची नाही, मूठ कोणत्याही रंगाची असो.

पुढच्या पालकसभेत मी ती फाटक्या मुठीची पक्कड टेबलावर ठेवली. कुणाची ते सांगितलं नाही. सभा संपल्यावर एक वडील थांबले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ती माझीच. पोरगं बघतंय हे ध्यानातच नाय आलं."

आज घरी गेल्यावर आपापल्या पक्कडीची मूठ एकदा पाहा. आणि ती वापरताना आपल्याकडे कोण बघतंय, तेही पाहा.