थंड हवेची नळी घेताना

आपल्या इंदिरानगरातील काही तरुणांना टर्बो गाडीला ‘कोल्ड एअर इनटेक’ बसविण्याचा शौक आहे. तत्त्व खरे आहे. थंड हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून इंजिनाची ताकद वाढते. पण बऱ्याच गाड्यांत कंपनीची नळीसुद्धा पुढच्या जाळीजवळूनच हवा घेते. बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला तर तो इंजिनाची गरम हवा ओढतो. म्हणजे पैसे देऊन नुकसान! फिल्टर बंद पेटीत हवा. तो बंपरमध्ये खाली असेल तर पावसाळ्यात साचलेले पाणी सिलिंडरात शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो. सुती फिल्टर असल्यास वीण पाहावी (आम्हा कापडवाल्यांची सवय). त्याला तेल जादा लागले तर एअर-फ्लो सेन्सर बिघडतो. वॉरंटीचे मात्र आधी लेखी विचारावे.