शेंडा खुडायचा तो वेळेत

सूनबाई, झेंडूचं रोप वीतभर झालं, पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की वरचा कोवळा शेंडा काढायचाच, कळी डोकावत असली तरी. हात धजत नाही, मला कळतं. पण तो ठेवलास तर झाड सरळसोट वर जातं, डोक्यावर मोठं फूल धरतं आणि परतीच्या पावसात आडवं होतं. सासूबाई आम्हाला एवढंच सांगायच्या, ‘शेंडा काढ, घेर येईल.’ त्यामागचं कारण मला पुढे कळलं. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे फुटू देत नाही. शेंडा गेला की तेच डोळे फुटतात, आणि जितके फुटवे तितकी फुलं. बुटका मखमली झेंडू आपणहून फुटतो, त्याला हे फारसं लागत नाही.

कात्री नको. अंगठ्याचं नख नि तर्जनी, पानजोडीच्या लगेच वर. पानं कोरडी असताना खुड. आणि पानं मुरडलेलं रोगट रोप दिसलं तर त्याला हात सगळ्यात शेवटी लाव, नाहीतर रोग बोटांवरून पुढच्या रोपावर जातो.

दिवसांचा हिशोब मात्र चुकवू नकोस. लावल्यापासून झेंडू साधारण दोन महिन्यांत फुलतो, खुडल्यावर आणखी दहा-पंधरा दिवस घेतो. दसऱ्याचं तोरण घरच्या फुलांचं हवं, तर रोपं अडीच महिने आधी लावलेली हवीत. दसरा महिन्यावर आला असेल तर खुडूच नकोस, येतील ती फुलं घे.

शेवंतीला दोनदा खुडायचं. काश्या लावल्यावर महिन्याने एकदा, फुटवे बोटभर वाढले की पुन्हा. पण १५ ऑगस्टनंतर तिला नख लावायचं नाही. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळ्यांच्या तयारीला लागते, आणि तिच्या कळ्या शेंड्यांवरच येतात.

निशिगंध नि ग्लॅडिओलस यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांचा दांडा खुडला की फुलं गेलीच.

खुडलेले शेंडे फेकायचे नाहीत. शेवंतीच्या बोटभर शेंड्याची खालची पानं काढ, सावलीत ओल्या वाळूत खोच. दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटतात. झेंडूचाही शेंडा असा लागतो, कळी असली तर ती आधी काढून टाक.