आयुष्याच्या अवस्था आणि त्यांचा क्रम : दोन मराठी स्त्री-आत्मकथनांच्या संदर्भात

१

माणसाच्या आयुष्याची अवस्थांमध्ये विभागणी करून पाहण्याची रीत जुनी आहे. साहित्याच्या अभ्यासात, विशेषतः आत्मचरित्रांच्या विवेचनात, तिचा उपयोगही वारंवार केला जातो. अवस्था किती व कोणत्या याविषयी मतभेद होतात. मात्र त्यांचा क्रम निसर्गानेच ठरवून दिलेला आहे, असे आपण न बोलता गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी एरिक एरिक्सन यांची मानसशास्त्रीय उपपत्ती एका बाजूला आणि रमाबाई रानडे व लक्ष्मीबाई टिळक यांची आत्मकथने दुसऱ्या बाजूला ठेवून पाहू.

२

एरिक्सन (१९०२-१९९४) यांचा जन्म जर्मनीतील फ्रँकफुर्टचा. जन्मदाता पिता कोण हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. सावत्र पित्याचे होम्बुर्गर हे आडनाव ते लावीत. पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेताना एरिक्सन हे आडनाव त्यांनी स्वतः निवडले. 'मी कोण?' हा प्रश्न त्यांच्या विचाराच्या मध्यभागी का आला, याचा उलगडा यातून काही अंशी होतो.

१९५० साली प्रसिद्ध झालेल्या 'चाइल्डहूड अँड सोसायटी' या ग्रंथात त्यांनी आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्या. प्रत्येक अवस्थेत दोन वृत्तींचा झगडा असतो. तान्ह्या वयात विश्वास आणि अविश्वास, त्यानंतर स्वायत्तता आणि लज्जा, खेळकर वयात पुढाकार आणि अपराधभाव, शाळकरी वयात उद्यमशीलता आणि न्यूनभाव, कुमारवयात अस्मिता आणि संभ्रम, तारुण्यात निकटता आणि एकाकीपण, प्रौढपणी पुढच्या पिढीची जोपासना आणि साचलेपण, वार्धक्यात समग्रता आणि निराशा. यांतील पाचव्या अवस्थेला समाजाने थोडी मुभा दिली पाहिजे, कायमची बांधिलकी पत्करण्यापूर्वी तरुणाला भूमिका चाचपून पाहण्याइतका अवधी मिळाला पाहिजे, असे एरिक्सन म्हणतात. 'मी' आधी सापडावा, मग तो दुसऱ्याला देता यावा, असा हा क्रम आहे.

या विचाराचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आला. मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी १९६२ साली एरिक्सन अहमदाबादला आले आणि त्यातूनच पुढे 'गांधीज ट्रुथ' (१९६९) हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या केंद्रस्थानी १९१८ चा गिरणी कामगारांचा लढा आहे. त्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे, म्हणजे सातव्या अवस्थेत होते. याच गांधीजींचा विवाह तेराव्या वर्षी झाला होता, ही गोष्ट वरील क्रमाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३

एरिक्सन यांच्या अवस्था आणि आपली आश्रमव्यवस्था यांची तुलना सुधीर कक्कर यांनी १९६८ पासून साक्षेपाने केली. ब्रह्मचर्यात अस्मितेची घडण, गार्हस्थ्यात निकटता व जोपासना, अखेरीस संन्यासात समग्रता, असे साम्य सहज दिसते. तथापि दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली अशी की, आश्रम हे आरंभी एकामागून एक चढावयाच्या पायऱ्या नव्हते, तर निवडीचे पर्याय होते, हे पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी १९९३ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे. म्हणजे येथेही क्रम मागाहून आलेला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचा विवाह हाच तिचा उपनयनसंस्कार आणि पतिसेवा हाच तिचा गुरुगृहवास मानला आहे. याचा अर्थ असा की, स्त्रीच्या बाबतीत पहिला आश्रम दुसऱ्याच्या पोटात गडप होतो. ज्या काळात स्वतःची ओळख घडावयाची तो काळच तिच्या वाट्याला येत नाही.

पाश्चात्त्य उपपत्तीतही हीच अडचण निराळ्या रूपाने आहे. तिच्यातील प्रवासी बहुधा पुरुष आहे, हा आक्षेप कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये घेतला. स्त्रीच्या बाबतीत अस्मिता आणि निकटता यांची घडण एकत्रच होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बालविवाहाच्या समाजात मात्र प्रश्न याहून बिकट आहे. तेथे दुसऱ्याशी बांधले जाणे आधी येते. 'मी' आलाच तर मागाहून येतो.

४

रमाबाईंचा (१८६२-१९२४) विवाह १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानडे यांच्याशी झाला. रानडे यांनी पत्नीला लगोलग शिकवावयास घेतले. स्मृतीने रूपकादाखल सांगितलेला पतिगृहीचा गुरुगृहवास येथे अक्षरशः खरा झाला, हा इतिहासाचा मार्मिक विनोद म्हटला पाहिजे. परंतु जो पुढाकार पतीला हवा होता, तोच घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने अपराध होता. एकाच घरात, एकाच कृतीसाठी शाबासकी आणि बोलणी अशी दोन्ही वाट्याला येणाऱ्या मुलीच्या मनाची ओढाताण एरिक्सन यांच्या तिसऱ्या व चौथ्या अवस्थांच्या भाषेत नीट सांगता येते; फक्त ती भोगणारी बालिका या वेळी कोणाची तरी पत्नी असते.

रमाबाईंचे आत्मकथन १९१० मध्ये, रानडे यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. 'माझ्या' नव्हे, 'आमच्या'. पतीचे नाव न घेण्याच्या रीतीला अनुसरून त्या रानड्यांचा उल्लेख 'स्वतः' या शब्दाने करतात. आत्मवाचक शब्दच दुसऱ्याला देऊन टाकलेला आहे. पण एवढ्यावरून येथे अस्मिता नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ही लेखणी चालवणाऱ्या बाई तोवर पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहत होत्या. त्यांचा 'मी' व्याकरणात लपला आहे, कार्यात नाही.

५

लक्ष्मीबाईंचा (१८६८-१९३६) विवाहही अकराव्या वर्षीच झाला. पित्याचे सोवळ्याचे अतोनात वेड आणि पतीचा लहरी, कविमनाचा स्वभाव या दोहोंमध्ये त्यांचे पहिले आयुष्य गेले. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. समाजाच्या दृष्टीने ही आपत्ती होती. परंतु एरिक्सन यांनी सांगितलेली मुभा या स्त्रीला मिळाली ती नेमकी येथे : विशी सरत असताना, पदरी मूल असताना आणि कोणी न देता. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेदाचा त्याग आणि धर्मांतर ही त्यांची स्वतःच्या गतीने, स्वतःशी वाद घालून झालेली कृत्ये आहेत. पतीचा मार्ग त्यांनी पत्करला, पण तो पतीचा म्हणून नव्हे. निकटता आधी, अस्मिता नंतर. आणि त्या अस्मितेमुळे जुनीच निकटता नव्याने, जाणतेपणी स्वीकारलेली, असा हा क्रम आहे.

१९१९ मध्ये टिळक वारले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्या पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. येथे पती 'स्वतः' नाही. तो सरळ 'टिळक' आहे. त्याच्याकडे आणि आपल्या बावळट बालपणाकडे लेखिका सारख्याच मिस्किलपणे पाहते. तो विनोद केवळ स्वभावाचा गुण मानू नये. घडले ते घडले, ते आपलेच होते, असे कडवटपणाशिवाय म्हणता येणे हीच तर आठव्या अवस्थेतील समग्रता होय.

६

यावरून एरिक्सन यांची उपपत्ती टाकाऊ ठरते काय? तसे वाटत नाही. प्रत्येक अवस्थेचा प्रश्न तिच्या वेळेपूर्वी बीजरूपाने असतो आणि नंतरही पुन्हा उठतो, असे त्यांचेच म्हणणे आहे. शिडीचे रूप तिला अनुकरण करणाऱ्यांनी दिले. प्रश्न आठही खरे आहेत. ते कोणाला, कोणत्या वयात सोडवू द्यावयाचे हे मात्र समाज ठरवतो. म्हणून आत्मचरित्र वाचताना नायिका कोणत्या पायरीवर आहे असे न विचारता, कोणता प्रश्न तिला वेळेवर विचारू दिला गेला नाही आणि तो तिने पुढे कोठे सोडवला, असे विचारावे.

आणखी एक सावधगिरी. आत्मकथन म्हणजे रुग्णाची नोंद नव्हे. त्यातील अकरा वर्षांची मुलगी आपल्याला भेटते ती अठ्ठेचाळीस किंवा पासष्ट वर्षांच्या बाईच्या वाक्यात. दोन अवस्था तेथे एकाच वेळी बोलत असतात. मानसशास्त्राच्या तक्त्यात त्यांच्यासाठी दोन वेगळ्या चौकटी असतात. साहित्यात त्या एका वाक्यात नांदतात. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांना कुमारवयात जो अवधी नाकारला गेला, तो त्यांनी लिहिताना घेतला. ही पुस्तके वाढ पूर्ण झाल्यावर मागे वळून केलेली टिपणे नव्हेत. राहून गेलेल्या वाढीचा काही भाग त्यांच्या पानांवरच पुरा झालेला आहे.