बोटीच्या जुन्या मोटारीची गळती शोधताना

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा बेपत्ता लोकांच्या शोधासाठी पात्रात बोटी उतरवाव्या लागल्या. जुलै २०२१ मध्ये सावित्री-गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हाही माणसे बाहेर काढायला बोटीच कामी आल्या. त्यामुळे पावसाआधी बोटीची जुनी मोटार तपासून ठेवणारी माणसे मोलाचे काम करतात. हे काम करताना त्यांना इजा होऊ नये, यासाठी हा सल्ला.

सुरुवात मोटार बंद आणि थंड असताना करा. टोपण काढून बॅटरीच्या उजेडात नीट पाहा. हेडच्या कडेला, थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली किंवा पाण्याच्या नळीच्या क्लिपजवळ पांढरी खारट पुटे किंवा गंजाचे ओघळ दिसले, तर गळती बहुधा तिथेच आहे. प्लग काढल्यावर त्यावर पाण्याचे थेंब असतील, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असल्याचा संशय घ्या. खालच्या गिअरचे तेल दुधाळ झाले असेल, तर सील गेले असे समजा. बरीचशी गळती अशी मोटार चालू न करताच सापडते, म्हणून हीच तपासणी सर्वांत सुरक्षित.

पंख्याला हात लावण्याआधी सुरक्षा दोरी काढा आणि प्लगच्या टोप्या सोडवा. हाताने पंखा फिरवताना इंजिन अचानक सुरू झाले, तर बोटे तुटू शकतात. मोटार पिंपात चालवायची असेल, तर पंखा उतरवूनच ठेवा. पाणी आत घेणारी जाळी पाण्याखाली हवी, नाहीतर रबरी इम्पेलर लगेच जळतो. उघड्या फ्लायव्हीलजवळ गमछा, ओढणी, सैल बाही किंवा मोकळे केस नकोत.

चालू मोटारीच्या पाण्याची धार बारीक झाली, तर बोट लावून पाहू नका. ते पाणी कढत असू शकते. भाजलेच, तर तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका. फोड फोडू नका.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. शेडमध्ये किंवा पावसामुळे दार लावून मोटार चालवली, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली, तर ताबडतोब मोटार बंद करून सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे. कोणी बेशुद्ध पडला, तर लगेच १०८ ला फोन करा. मोटार नेहमी उघड्यावरच चालवा, दार उघडे ठेवलेली शेडही पुरेशी नाही.

पेट्रोल नळीने तोंडाने ओढू नका. ते फुप्फुसात गेले, तर न्यूमोनिया होतो. पोटात गेले असेल, तर उलटी करवू नका, थेट रुग्णालयात जा.

नदीच्या गाळात किंवा पुराच्या पाण्यात उभे राहून काम करायचे झाले, तर गमबूट घाला. पायाच्या भेगा आणि हातावरचे ओरखडे आधी जलरोधक पट्टीने झाका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमांतून शरीरात शिरतो. पुरात काम करावे लागणार असेल, तर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदर स्त्रियांनी हे औषध स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये आणि लहान मुलांनाही देऊ नये.

पाण्यात काम केल्यापासून महिनाभरात जोराचा ताप आला, पोटऱ्या असह्य दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर घरी तापाची गोळी घेत थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर सर्वांत आधी सांगा की नदीच्या पाण्यात काम केले होते. त्या एका माहितीवरून डॉक्टर योग्य तपासण्या लगेच करतील आणि उपचार वेळेत सुरू होतील.